एक शब्द, पाच वाचक : एका प्रथिन-कुटुंबाची कथा

पुण्याहून नाशिक रस्त्याला लागले की आधी भोसरी येते आणि मोशी ओलांडले की पुढे चाकण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांचे कारखाने, लेथ, प्रेस आणि सुट्या भागांनी भरलेले टेम्पो. या पट्ट्याची ओळख विचारली तर बहुतेक जण मोटारींचे नाव घेतील. पण जीवशास्त्राच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना सांगाव्यात अशा इथल्या दोन जागा निराळ्याच आहेत.

पहिली पिंपरीची. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. दुसरी जागा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. तिचे घर हेच. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘नारी’ म्हणत. आता तिचे अधिकृत नाव बदलले आहे आणि कामाचा पल्लाही वाढला आहे.

या दोन संस्थांच्या मध्ये जेमतेम चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण रोगाकडे पाहण्याच्या दृष्टीत फार मोठे अंतर पडले. पेनिसिलीन जिवाणूची पेशीभित्तिका तयार होऊ देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नसते, म्हणून औषध जिवाणूला मारते आणि आपल्याला सोडते. शत्रू वेगळा, आपण वेगळे. एड्सच्या विषाणूचे, म्हणजे एचआयव्हीचे, तसे नाही. तो आपल्या पांढऱ्या पेशींपैकी काही टी-पेशींमध्ये शिरतो, स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो डीएनए आपल्या गुणसूत्रात जोडून टाकतो. त्यानंतर त्याची जनुके वाचायची की नाही, हे ठरवणारी यंत्रणा आपलीच असते. म्हणून हा विषाणू समजून घ्यायचा तर आधी एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर हवे : आपल्या पेशी आपली स्वतःची जनुके कशी वाचतात?

चालू-बंद करणारी प्रथिने

दहावीच्या पुस्तकात आपण प्रतिलेखन शिकवतो. डीएनएवरील मजकुराची आरएनएमध्ये नक्कल होते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. विद्यार्थी हे पाठ करतात. पण एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारतेच : सर, यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए सारखाच असेल, तर त्या पेशी वेगळ्या कशा?

उत्तर असे की, माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांपैकी प्रत्येक पेशी काहीच वाचते. कोणती वाचायची हे ठरवणाऱ्या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात. जनुकाच्या आसपास डीएनएवर काही अक्षरांची छोटी खूण असते. प्रतिलेखन घटक ती खूण ओळखतो, तिथे बसतो आणि नक्कल करणाऱ्या विकराला बोलावतो किंवा अडवतो.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. अवघड भाग पुढे आहे. हे घटक सहसा एकेकटे नसतात, त्यांची कुटुंबे असतात. एका कुटुंबातली भावंडे दिसायला सारखी असतात आणि जवळजवळ तीच खूण ओळखतात. भोसरीच्या कामगाराच्या भाषेत सांगायचे तर पाच पाने एकाच मापाच्या नटाला बसतात. मग कोणता नट कोणी पिळायचा हे कसे ठरते? हा प्रश्न एका कुटुंबाच्या इतिहासातून पाहू. त्याचा धागा बोस्टनजवळ सुरू होतो आणि पुण्याला येऊन मिळतो.

१९८६ : दोन शोध

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीचा पहिला पुरावा शोधून काढला. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. तोपर्यंत ‘हा रोग आपल्याकडचा नाही’ असे सांगणारे पुष्कळ होते.

त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन हे भारतीय वंशाचे तरुण संशोधक एका अगदी निराळ्या गोष्टीच्या मागे होते. त्यांचा एड्सशी काही संबंध नव्हता. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींमध्ये ‘कॅपा’ नावाच्या प्रथिन-साखळीचे जनुक चालू असते, इतर पेशींत बंद असते. हे कोण ठरवते, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची पद्धत विद्यार्थ्यांना सहज समजेल अशी आहे. जनुकाजवळच्या डीएनएचा छोटा तुकडा घ्यायचा आणि त्याला किरणोत्सारी खूण लावायची. पेशीच्या केंद्रकातून काढलेल्या प्रथिनांच्या अर्कात तो मिसळायचा आणि विजेच्या दाबाखाली जेलीसारख्या पातळ थरातून पळवायचा. सुटा तुकडा भराभर पुढे जातो. एखादे प्रथिन त्याला चिकटले असेल तर तो ओझे घेऊन चालणाऱ्या माणसासारखा मागे राहतो. बी-पेशींच्या अर्कात एक तुकडा असाच मागे राहिला. त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे नाव पडले एनएफ-कॅपा-बी : केंद्रकातला घटक, कॅपा जनुकाचा, बी-पेशीतला. त्याची खूण दहा अक्षरांची होती : जी-जी-जी-ए-सी-टी-टी-टी-सी-सी.

नाव पडले आणि काही महिन्यांतच ते अपुरे ठरले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधनिबंधात सेन आणि बाल्टिमोर यांनी दाखवले की, टी-पेशींना आणि इतर काही मानवी पेशींनाही विशिष्ट रसायनाने चेतवले तर हे प्रथिन त्यांच्यात प्रकट होते. गंमत म्हणजे पेशीला नवे प्रथिन बनवू दिले नाही तरीही ते प्रकट होते! म्हणजे ते आधीपासूनच तयार होते, फक्त बांधून ठेवलेले होते. १९८८ साली पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी त्याला बांधून ठेवणारे प्रथिन शोधले. शांत पेशीत हे प्रथिन एनएफ-कॅपा-बीला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते. जंतूचा किंवा इजेचा संकेत आला की हा पहारेकरी नष्ट केला जातो आणि मोकळा झालेला घटक केंद्रकात शिरतो.

या दोन शोधांची गाठ लवकरच पडली. १९८७ साली गॅरी नेबेल आणि बाल्टिमोर यांनी दाखवले की एचआयव्हीच्या डीएनएच्या टोकाशी, त्याची जनुके जिथून वाचायला सुरुवात होते तिथे, हीच दहा अक्षरांची खूण दोनदा लिहिलेली आहे. टी-पेशी जागी झाली की एनएफ-कॅपा-बी केंद्रकात येते, आणि आपल्या संरक्षक जनुकांबरोबर विषाणूचीही जनुके वाचली जातात. चोर आला म्हणून घरात घंटा वाजावी आणि त्याच घंटेने माळ्यावर दडलेला दुसरा चोर कामाला लागावा, तसा हा प्रकार.

कुटुंब उघड होते

१९९० साली या प्रथिनाचा एक भाग, ज्याला पी-५० म्हणतात, त्याचे जनुक हाती आले. हे काम ज्यांनी केले त्यांत बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतील शंकर घोष हे आणखी एक भारतीय वंशाचे संशोधक होते. त्या जनुकाचा मजकूर वाचल्यावर सगळेच चकित झाले. त्यातील सुमारे तीनशे ॲमिनो आम्लांचा पट्टा दोन जुन्या ओळखीच्या प्रथिनांशी जुळत होता. एक होते ‘रेल’, जे टर्की पक्ष्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूमुळे माहीत झाले होते. दुसरे होते ‘डॉर्सल’, जे फळमाशीच्या भ्रूणाची पाठ कुठली आणि पोट कुठले हे ठरवते. टर्कीचा कर्करोग, माशीचे पोट आणि माणसाची प्रतिकारशक्ती यांच्या मुळाशी एकच घराणे निघाले.

माणसात या घराण्यातली पाच भावंडे आहेत : रेल-ए (हिलाच पी-६५ म्हणतात), रेल-बी, सी-रेल, पी-५० आणि पी-५२. ही प्रथिने एकेकटी काम करत नाहीत, जोडीने डीएनएवर बसतात. जोडी स्वतःच्या जातीच्या प्रथिनाशीही होऊ शकते. पाच जणांच्या अशा किती जोड्या होतील? गणिताचे शिक्षक चटकन सांगतील : दोन वेगवेगळ्यांच्या १० आणि सारख्यांच्या ५, एकूण १५. या सर्वच पेशीत काम करताना आढळतात असे नाही, पण बऱ्याच आढळतात. सेन यांना मूळ प्रयोगात जी दिसली ती प्रामुख्याने पी-५० आणि रेल-ए यांची जोडी.

घराण्याला लांबची नातलगही आहेत. टी-पेशींत ‘एनफॅट’ नावाचे घटक असतात. १९९३ साली हार्वर्डमध्ये भारतीय वंशाच्या अंजना राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी एक शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याचे जनुक मिळवले. त्याचा डीएनए धरणारा भाग रेल घराण्याशी नाते सांगतो. एनफॅटची खूण पाच अक्षरांची आहे : जी-जी-ए-ए-ए. आता विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. एनएफ-कॅपा-बीची दहा अक्षरे फळ्यावर लिहून समोरच्या साखळीवरचा पूरक मजकूर उलट दिशेने वाचायला सांगावा. मिळेल जी-जी-ए-ए-ए-जी-टी-सी-सी-सी. पहिली पाच अक्षरे पाहिलीत? एकाच जागी दोन घराण्यांचे वाचक बसू शकतात. एनफॅटची जोडी एचआयव्हीच्या या खुणेवर नेमकी कशी बसते, याचे स्फटिकचित्रही २००३ साली मिळाले.

शब्दाचा अर्थ कुठे असतो?

आता कोड्याकडे वळू. आधी थोडा हिशेब. डीएनएची अक्षरे चार. दहा अक्षरांचे किती वेगवेगळे शब्द होतील? ४ चा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. अक्षरे नुसती उधळली असे धरले, तरी आपला दहा अक्षरी शब्द एका साखळीवर योगायोगाने सुमारे २,९०० वेळा येईल. शिवाय ही भावंडे एकच शब्द मानत नाहीत. मधल्या अक्षरांत थोडाफार फरक असलेले कितीतरी शब्द त्यांना चालतात. त्यामुळे योग्य वाटाव्यात अशा जागा लाखांच्या घरात जातात. प्रत्यक्षात ही भावंडे मिळून जी जनुके चालवतात ती काही शेकडा आहेत, आणि प्रत्येक पेशीत, प्रत्येक वेळी त्यांतील काहीच. याचा अर्थ, नुसत्या खुणेत उत्तर नाही.

भावंडे एकमेकांची कामे करू शकत नाहीत, हेही लवकरच स्पष्ट झाले. १९९५ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकेक भावंड नसलेले उंदीर तयार केले. रेल-ए नसलेले उंदीर यकृताच्या पेशी मरून गर्भातच दगावले. पी-५० नसलेले जन्मले, पण त्यांचा जंतूंना प्रतिकार अधू राहिला. सी-रेल नसलेले वाढले, पण त्यांच्या टी-पेशी नीट चेतवल्या जाईनात. रेल-बी नसलेल्यांना अनेक अवयवांचा दाह झाला. खूण जवळजवळ एक, पण उणीव प्रत्येकाची वेगळी.

मराठीत ‘वर’ हा शब्द घ्या. ‘पुस्तक कपाटाच्या वर आहे’, ‘वर मांडवात आला’, ‘देवाने वर दिला’. अक्षरे दोनच आणि तीही तीच, पण अर्थ तीन. अर्थ शब्दात नसून शेजारच्या शब्दांत आहे, आणि थोडासा वाचणाऱ्यातही आहे. जनुकांच्या बाबतीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हेच चार-पाच बाजूंनी उलगडत गेले.

पहिली बाजू वाचणाऱ्याची. डीएनए धरणारा भाग पाचही भावंडांत सारखा असला तरी उरलेले शरीर सारखे नाही. रेल-ए, रेल-बी आणि सी-रेल यांना नक्कल-यंत्रणेला चेतवणारे शेपूट आहे. पी-५० आणि पी-५२ यांना ते नाही. म्हणून पी-५० रेल-एबरोबर बसले तर जनुक चालू होते, पण पी-५० दुसऱ्या पी-५०बरोबर बसले तर जागा अडते आणि जनुक बंद राहू शकते.

दुसरी बाजू अक्षराची. २००४ साली लिऊंग, हॉफमन आणि बाल्टिमोर यांनी दाखवले की खुणेतले एकच अक्षर बदलले तर जोडी तिथे बसतेच, पण तिला मदतीला कोणता सहकारी घेता येईल ते बदलते. खूण ही केवळ बसायची जागा नाही. बसलेल्या प्रथिनाला ती किंचित वेगळा आकार देते, आणि त्या आकाराला जुळणारा सहकारीच पुढे येतो.

तिसरी बाजू शेजाऱ्याची. एचआयव्हीच्या दोन खुणांच्या लगत ‘एसपी-१’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या तीन जागा आहेत. १९९३ साली नेबेल यांच्या गटाने दाखवले की, एनएफ-कॅपा-बी आणि एसपी-१ एकमेकांना धरून बसतात, आणि त्यांच्यातले अंतर किंवा दिशा बिघडवली तर विषाणूची जनुके नीट चालू होत नाहीत.

चौथी बाजू डीएनएच्या घड्यांची. केंद्रकात डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जी खूण घडीत दडली ती त्या पेशीपुरती नसल्यासारखीच. टी-पेशीत उघडी असलेली घडी यकृताच्या पेशीत मिटलेली असू शकते.

पाचवी बाजू वेळेची. एनएफ-कॅपा-बी जी जनुके चालू करते त्यांत तिच्या स्वतःच्या पहारेकऱ्याचे जनुकही आहे. त्यामुळे ती केंद्रकात येते, थोड्या वेळाने बाहेर ढकलली जाते आणि संकेत टिकून असेल तर पुन्हा येते. काही जनुके पहिल्याच फेरीत चालू होतात, तर काही संकेत बराच वेळ टिकला तरच.

पुण्यातील सहा जणांचे विषाणू

इथे आपण पुन्हा भोसरीला येतो. एचआयव्ही सगळीकडे सारखा नाही. त्याचे ए, बी, सी असे उपप्रकार आहेत. अमेरिका आणि पश्चिम युरोपात ‘बी’ पसरला आणि सुरुवातीचे बहुतेक संशोधन त्याच्यावरच झाले. आपल्याकडे कोणता, हे आपणच पाहिल्याशिवाय कळणार नव्हते.

‘नारी’तील डॉ. दीपक गडकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात नव्याने पसरणाऱ्या विषाणूंचे नमुने तपासले आणि १९९८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यापाठोपाठ १९९९ साली कविता लोले, रमेश परांजपे, गडकरी, स्मिता कुलकर्णी आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांचा शोधनिबंध आला. ज्यांना नुकताच संसर्ग झाला होता अशा सहा जणांच्या विषाणूंचा जवळजवळ संपूर्ण जनुकीय मजकूर त्यांनी वाचला होता. पाच विषाणू सरळ सरळ उपप्रकार ‘सी’चे होते. सहाव्यात ‘सी’ आणि ‘ए’ यांची सरमिसळ झालेली होती.

या निबंधाचे आणखी एक महत्त्व आहे. मजकुराचा कोणता भाग कोणत्या पूर्वजाकडून आला हे दाखवणारी ‘सिमप्लॉट’ ही संगणक-आज्ञावली जॉन्स हॉपकिन्सच्या स्टुअर्ट रे यांनी तयार केली होती. तिचा वापर करणारे जगभरचे संशोधक आजही लोले यांच्या याच निबंधाचा दाखला देतात. करोनाविषाणूंच्या अभ्यासातही तो दिसतो. पुण्यातील सहा जणांच्या रक्तावरचे काम असे दूरवर पोहोचले.

भारतातला विषाणू ‘सी’ आहे, हे कळल्यावर आपल्या दहा अक्षरांच्या खुणेकडे नव्याने पाहण्याची गरज निर्माण झाली. कारण १९९७ साली मोंटॅनो आणि त्यांच्या हार्वर्डमधील सहकाऱ्यांनी उपप्रकारांची तुलना करताना एक फरक नोंदवला होता. ‘बी’मध्ये ही खूण सहसा दोनदा येते, थायलंडमध्ये पसरलेल्या प्रकारात एकदाच, आणि ‘सी’मध्ये तीनदा.

ही तिसरी खूण मात्र हुबेहूब नाही. जी-जी-जी-ए-सी-टी-टी-टी-सी-सी या जागी ती जी-जी-जी-जी-सी-जी-टी-टी-सी-सी अशी आहे. चौथे आणि सहावे अक्षर बदललेले. ही अक्षरे चुकून आली की त्यांना काही अर्थ आहे? बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात उदयकुमार रंगा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०१६ साली त्यांनी दाखवले की ‘सी’मधली ही वेगळी खूण आणि तिच्या लगतची ‘सी’मधलीच एसपी-१ची जागा यांची जोडी जमलेली आहे. खुणेच्या जागी नेहमीची, म्हणजे ‘शुद्ध’ दहा अक्षरे घातली तर विषाणूचे प्रतिलेखन उलट मंदावते. आपण ज्याला अशुद्धलेखन समजलो असतो, ते त्या शेजारात शुद्धच होते!

त्याआधी २०१२ साली याच गटाने आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. भारतात ‘सी’चे असे काही विषाणू वाढत होते, ज्यांच्यात चौथी खूण आलेली होती. तिचेही शेवटचे अक्षर वेगळे. तिच्यावर पी-५० आणि रेल-ए यांची जोडी बसत होती. प्रयोगशाळेत तीन खुणांच्या आणि चार खुणांच्या विषाणूंची स्पर्धा लावली तेव्हा चार खुणांचे विषाणू पुढे गेले. अशा विषाणूंचा संसर्ग झालेल्यांच्या रक्तात विषाणूंची सरासरी संख्याही जास्त आढळली.

इथे एक सावधगिरी हवी. जगातल्या एचआयव्ही संसर्गांपैकी निम्म्याच्या आसपास ‘सी’चे आहेत. म्हणून जादा खुणांमुळेच ‘सी’ जगभर पसरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण साथ पसरण्यात स्थलांतर, दारिद्र्य, उपचारांचा अभाव आणि लोकांची भीती यांचाही मोठा वाटा असतो. खुणा हे एक कारण असू शकते, एकमेव नव्हे.

झोपलेला विषाणू

हे सारे कळून आजाऱ्याला काय उपयोग? भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. नियमित औषध घेणारा माणूस आज कामावर जातो, संसार करतो आणि दीर्घ आयुष्य जगतो. पण गोळी रोज घ्यावी लागते आणि जन्मभर. ती थांबवली की सहसा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो. का?

१९९७ साली अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी उत्तर दिले. काही टी-पेशी एका संसर्गाची आठवण ठेवून वर्षानुवर्षे शांत पडून राहतात. त्यांच्या गुणसूत्रात एचआयव्हीचा मजकूर असतो, पण तो वाचला जात नाही. जे वाचलेच जात नाही त्याच्यावर औषध चालत नाही, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनाही तो दिसत नाही.

या शांततेचे एक कारण आपल्या कुटुंबातच सापडले. शांत पेशीत रेल-ए बाहेर अडकलेले असते. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोमधील वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने मानवी टी-पेशींवरील प्रयोगांत दाखवले की, अशा वेळी विषाणूच्या खुणेवर पी-५०ची दुहेरी जोडी बसलेली असते आणि ती डीएनएच्या घड्या घट्ट करणारे विकर तिथे आणते. एका भावंडाने जागे करायचे, दुसऱ्याने झोपवायचे, आणि खूण दोघांची एकच.

मग झोपलेल्या विषाणूला मुद्दाम जागे करून औषधांच्या तावडीत आणता येईल का? टी-पेशी सरसकट चेतवण्याचा प्रयत्न ॲमस्टरडॅममध्ये तीन रुग्णांवर झाला. १९९९ साली त्याचा वृत्तांत आला. रुग्णांना तीव्र त्रास झाला आणि विषाणू काही संपला नाही. कारण उघड आहे. एनएफ-कॅपा-बी आणि एनफॅट यांना एकदम मोकळे सोडले की विषाणूबरोबर दाह निर्माण करणारी शेकडो जनुकेही जागी होतात.

म्हणूनच भावंडांमधला फरक महत्त्वाचा ठरतो. रेल-बी आणि पी-५२ यांची जोडी वेगळ्या, संथ मार्गाने मोकळी होते आणि कमी जनुकांना हात लावते. २०२० साली या मार्गाला चेतवणाऱ्या एका रसायनाने, मानवी पेशी बसवलेल्या उंदरांत आणि माकडांत, झोपलेला विषाणू फारसा दाह न होता जागा करता आला. हा रोगमुक्तीचा उपाय नव्हे. जागा झालेला विषाणू संपवणे अजून बाकी आहे. पण दिशा दिसली.

आपल्या ‘सी’ विषाणूबाबत तर आणखी एक वळण आहे. जास्त खुणा म्हणजे जास्त जागा राहणारा विषाणू, अशी आपली अपेक्षा. रंगा यांच्या गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलट दिसले. खुणा जितक्या जास्त आणि प्रतिलेखन जितके जोरदार, तितका विषाणू लवकर झोपी जात होता. म्हणून ‘बी’वर सिद्ध झालेला उपाय ‘सी’लाही तसाच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. आपल्या माणसांतला विषाणू आपल्याच प्रयोगशाळांत वाचला गेला पाहिजे, हे भोसरीच्या त्या सहा नमुन्यांनी दाखवून दिले होते. ते आजही तितकेच खरे आहे.

वर्गात

हा विषय वर्गात घ्यायचा तर महागडी साधने लागत नाहीत. कागदाच्या पट्टीवर दहा अक्षरे लिहावीत. पाच विद्यार्थ्यांना पाच भावंडांची नावे देऊन त्यांच्या पंधरा जोड्या लावायला सांगाव्यात. पूरक साखळीवरची एनफॅटची खूण मुलांनाच शोधू द्यावी. आणि ‘वर’सारखे आणखी शब्द त्यांच्याकडून काढून घ्यावेत. ‘कर’, ‘पार’, ‘मान’ असे पुष्कळ निघतील. एकच शब्द शेजाऱ्यांमुळे अर्थ बदलतो, हे मुलांना मराठीच्या तासापासूनच माहीत असते. जीवशास्त्राच्या तासाला आपण त्याची फक्त आठवण करून द्यायची.

आणि चौकस मुलाने पुन्हा तो प्रश्न विचारला, की सर, डीएनए सारखाच असेल तर पेशी वेगळ्या कशा, तर त्याला सांगावे : पुस्तक एकच आहे, पण कोणते पान उघडे आहे, वाचायला कोण बसले आहे आणि त्याच्या शेजारी कोण आहे, ते दर वेळी वेगळे असते.